शिक्षकांचे पगार जास्त आहेत म्हणता, पण नेमके कोणाचे?

पतपेढीवाली (धागाकर्ती)

मी पुण्यात शिक्षकांच्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. दिवसभर माझ्या टेबलावर पगारपत्रकांच्या झेरॉक्स पडलेल्या असतात, जिल्हा परिषदेचे, महापालिकेचे, अनुदानित हायस्कूलचे, अंशतः अनुदानितचे, सगळ्यांचे. आणि घरी येऊन फोन हातात घेतला की कुठल्यातरी ग्रुपवर "मास्तरांना लाख लाख पगार, काम काय तर पोरांकडून पाढे म्हणून घेणं" हे फिरत असतं. आता याच्यावर नीट बोलायचंच म्हणून हा धागा काढतेय.

लाखाचा पगार खोटा नाहीये, मी बघते ना तो. पंचवीस-सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या, वरिष्ठ श्रेणी मिळालेल्या गुरुजींचा बेसिक आज ६८,००० वगैरे असतो, त्यावर २०२५ चा ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर ३७,४००, खेड्यातलं १० टक्के घरभाडं ६,८००, झाले १,१२,२०० ग्रॉस. त्यातून फंड, गृहकर्ज, पतसंस्थेचा हप्ता, व्यवसाय कर जाऊन हातात काय येतं ते वेगळं, पण आकडा खरा आहे आणि मला तो जास्त वाटत नाही. सातवा वेतन आयोग राज्यातल्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना लागला, तोच यांना लागला, वेगळं काही दिलेलं नाही.

पण त्याच शाळेत, शेजारच्याच वर्गात शिक्षणसेवक उभा असतो आणि त्याला मिळतात महिन्याला १६,०००. महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, काही नाही, तीन वर्षं. वर्ग तोच, पुस्तकं तीच, पोरं उलट जास्तच असतात कारण नवीन माणसाला मोठा वर्ग देतात. तो डी.एड. झालाय, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास झालाय, वर परत अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या यादीतून आलाय. म्हणजे पात्रतेत कुठे कमी म्हणावं तर तेही नाही.

ही योजना २००० सालची. तेव्हा प्राथमिकला ३,००० होते, मग ६,००० झाले आणि त्या सहा हजारावर दहा वर्षांहून जास्त काळ पोरं राबली. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० केले.

आता हिशोब बघा. प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी सुरू होते २९,२०० ला. त्यावर ५५ टक्के १६,०६० आणि खेड्यातलं घरभाडं २,९२०, म्हणजे ४८,१८०. याला मिळतात १६,०००. दर महिन्याला ३२,१८० कमी, तीन वर्षांचे साधारण साडेअकरा लाख. आणि तीन वर्षं संपली की हे मागचे मिळत नाहीत, तो २९,२०० च्या पहिल्या पायरीवर लागतो.

माझ्याकडे हे येतात कर्ज मागायला आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. शालार्थमधून, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाईन प्रणालीतून, नियमित कपात होईल असं पगारपत्रक नाही तर सभासदच करता येत नाही. मग ते जातात मोबाईलवरच्या त्या ॲपवाल्यांकडे. बहिणीचं लग्न असतं, बापाचं ऑपरेशन असतं, हौसेसाठी कोणी कर्ज मागत नाही हो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षकांना योग्य पगार मिळतो का हे विचारताना वरचं पगारपत्रक हातात धरून विचारू नका, खालचं धरा. तुम्हाला काय वाटतं?

हडपसरचा समीर

धागा चांगला आहे ताई, पण दुसरी बाजू मांडतो. मी टॅक्स भरतो आणि शिवाय दोन पोरांची खाजगी शाळेची फी पण भरतो, म्हणजे एकाच गोष्टीचे डबल पैसे. का भरतो, तर सरकारी शाळेत घालायचं धाडस होत नाही. आमच्याकडे दर वर्षी अप्रेझल असतं, काम नाही दिसलं तर सरळ घरी जायचं. इथे तिसरीच्या पोराला वाचता येवो न येवो, वार्षिक वेतनवाढ जुलैत लागते ती लागतेच.

आणि घरभाड्याचं काय? मुख्यालयी म्हणजे शाळेच्या गावी राहायचं म्हणून घरभाडं घ्यायचं आणि राहायचं पुण्यात. २०२२ मध्ये विधानसभेत आमदार प्रशांत बंब यांनी हाच मुद्दा काढला तेव्हा किती चिडले सगळे. खाजगी शाळेतल्या बाईंना १२-१५ हजारात तेच काम करावं लागतं, त्यांच्याशी तुलना करा ना मग कळेल कोणाला जास्त आणि कोणाला कमी.

सिंहगडरोडवाली

ती १२-१५ हजारवाली बाई मी आहे, समीर. इंग्लिश मीडियम, मोठं गेट, एसी ऑफिस. मला १४ मिळतात. सकाळी पावणेसातला बसमध्ये बसायचं, चार वाजेपर्यंत शाळा, घरी वह्या, रात्री पालकांच्या ग्रुपवर उत्तरं, आणि एप्रिलमध्ये नवीन ॲडमिशनसाठी सोसायट्यांमध्ये जाऊन पत्रकं वाटायची. माझं नाव घेऊन कृपया जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार कमी करू नका. मला कमी मिळतंय ही माझ्या मॅनेजमेंटची वागणूक आहे, तो मापदंड कसा होईल? तुम्ही जी लाख-सव्वा लाख फी भरता ना, त्यातलं माझ्यापर्यंत किती येतं ते एकदा तुमच्या शाळेत विचारा.

आमच्यातल्या काहीजणींच्या खात्यात कागदावरचा पूर्ण पगार येतो आणि त्यातला अर्धा दुसऱ्या दिवशी कॅशमध्ये परत द्यावा लागतो. शाळेचं नाव लिहीत नाही, नोकरी हवीये मला.

बिल क्लार्क निवृत्त

सिंहगडरोडवाली ताई, तुमच्या माहितीसाठी सांगतो. महाराष्ट्रात १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती कायदा आहे, आम्ही त्याला एमईपीएस म्हणतो, त्याची नियमावली १९८१ ची. त्यातल्या अनुसूची क मध्ये वेतनश्रेण्या दिल्यात आणि तो कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेलासुद्धा लागू आहे. म्हणजे संस्थेला अनुदान मिळत नाही म्हणून पगार कमी दिला हे कायद्यात बसत नाही. नोकरीवरून काढलं, पदावनत केलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. पण होतं काय, की अपील करायला नेमणुकीचा कागद लागतो आणि तोच देत नाहीत, दर वर्षी अकरा महिन्यांचा करार करून घेतात. तुमच्याकडे जे काही लेखी असेल, मस्टरचा फोटो, बँक स्टेटमेंट, ते जपून ठेवा.

समीर, वेतनवाढीबद्दल. ती ३ टक्के असते आणि ती सचिवालयातल्या शिपायापासून सगळ्यांना असते. शिक्षकांनाच आपोआप मिळते असं काही नाही.

लातूरचा पाव्हणा

हा धागा कुणीतरी ग्रुपवर टाकला म्हणून वाचला आणि खातं काढलं. मी शिक्षणसेवक आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका तालुक्यात, तालुक्याचं नाव घेत नाही. गाव माझं लातूरकडचं. २०२४ च्या यादीत नाव आलं तेव्हा घरी पेढे वाटले, आई म्हणली आता सुटलो.

१६,००० मधून व्यवसाय कर २०० जातो, राहतात १५,८००. नऱ्ह्यात तिघांत एक खोली आहे, माझ्या वाट्याला लाईट बिल धरून ४,०००. शाळेच्या वाडीत भाड्यानं खोली नाही, सोळा-सतरा घरं आहेत त्यात त्यांचंच त्यांना पुरत नाही. म्हणून रोज टू-व्हीलर, पेट्रोल साडेतीन-चार हजार, आणि घाटात पावसाळ्यात दगडं येतात त्यामुळं गाडीचं काहीतरी निघतंच. मेस ३,०००. घरी पाठवायचे म्हणून ठरवलेले ३,००० कधी जातात कधी नाही. राहिलेल्यात फोन, दवाखाना, कपडे. आणि हा पगार एक तारखेला येत नाही. पंधरा तारीख होते, कधी पुढच्या महिन्यात जातो, ग्रँट आली नाही म्हणतात. घरमालकाला ग्रँट सांगून चालत नाही.

शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मोठे गुरुजी चांगले आहेत, मला भावासारखं बघतात, पण ते मुख्याध्यापकपण आहेत म्हणजे अर्धा वेळ कागदात. सकाळी परिपाठ झाला की मी तांदूळ काढून देतो, पहिली ते पाचवीला पोरामागं १०० ग्रॅम, ते मोजून वहीत लिहायचं, ॲपवर हजेरी टाकायची, रेंज नाही म्हणून टेकाडावर जायचं. तेवढ्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या ग्रुपवर "आजच्या आज माहिती सादर करावी" येतं. किती पोरांचं आधार अपडेट, किती पोरांचं बँक खातं, किती झाडं लावली त्याचे फोटो. मी चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतो. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला देऊन चौथीची भागाकाराची गणितं फळ्यावर. माझी चौथीची पाचही पोरं आता भागाकार करतात, हे मी छाती ठोकून सांगतो.

समीरदादा, तुमचं म्हणणं आहे काम बघून पगार द्या. या आणि बघा, खरंच या. मला आवडेल.

कसबा पेठी

+१ पाव्हणे. माझ्या वडिलांनी भोरकडे नोकरी केली, असंच होतं.

हडपसरचा समीर

पाव्हणे, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. १६,००० मध्ये पुण्यात माणूस जगू शकत नाही, आमच्या ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्याला ओव्हरटाईम धरून त्याच्यापेक्षा जास्त मिळतात. पण माझा मुद्दा वरच्या लोकांबद्दल आहे आणि त्याला कोणी उत्तर दिलं नाही. घरभाडं. आणि जबाबदारी. लाख रुपये घेणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का की तुझ्या वर्गातल्या किती पोरांना वाचता येतं?

खडूवाले गुरुजी

मी उत्तर देतो. मी जुन्नर तालुक्यात अडतीस वर्षं जिल्हा परिषदेत होतो, २०१४ ला निवृत्त झालो, आता धायरीत मुलाकडे असतो. मोबाईलवर टाईप करतोय, चुका असतील तर समजून घ्या.

घरभाड्याचं असं आहे, की मुख्यालयी राहण्याची अट जेव्हा आली तेव्हा शिक्षक गावातच राहायचा कारण गावात शिक्षकासाठी खोली असायची, पाटलाच्या वाड्यात नाहीतर शाळेला लागून. मी स्वतः आदिवासी वाडीवर कुटुंबासह राहिलो, बायको पाणी विहिरीवरून आणायची. आज ती निवासस्थानं पडली, नवीन बांधली नाहीत. आणि शिक्षकाच्या पोरांनी बारावीला कुठे जायचं? तुमच्या कंपनीत घरभाडं भत्ता मिळतो ना, तुम्ही कुठल्या पेठेत राहता हे कंपनी विचारते का? ग्रामसभेचा ठराव आणा म्हणून २०१९ ला परिपत्रक निघालं, मग शिक्षकाने सरपंचाच्या दारात उभं राहायचं आणि सरपंच म्हणणार आमच्या पार्टीचं काम करा. यात पोरांचं शिक्षण कुठे आलं? सरकारने शाळेजवळ दोन खोल्या बांधून द्याव्यात आणि मग राहा म्हणावं, कोण नाही म्हणेल.

जबाबदारी म्हणाल तर विचारणारे आहेत, केंद्रप्रमुख आहेत, विस्तार अधिकारी आहेत, पण ते येऊन दप्तर बघतात. किर्द बघतात, पोषण आहाराची वही बघतात, शौचालयाचा फोटो बघतात. वर्गात बसून धडा ऐकणारा अधिकारी माझ्या आख्ख्या नोकरीत मी थोडेच पाहिले, आणि जे पाहिले त्यांच्यामुळे मी सुधारलो. अशी तपासणी कोणी मागत असेल तर माझा पाठिंबा आहे.

आता पगाराचं. माझा पहिला पगार काय होता ते सांगत बसत नाही, पण आम्हाला जे मिळालं ते कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप आठवतो का कुणाला, दीड-पावणेदोन महिने घरात पगार नाही, मी तेव्हा नवीन लागलेलो. आणि कोठारी आयोगाने १९६६ ला लिहून ठेवलंय, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्याच कोल्हापूरकडचे, पुढे कोथरूडला त्यांची संस्था होती. तो ६ टक्क्यांचा आकडा अजून गाठलेला नाही आणि आम्हाला विचारतात एवढा पगार कशाला.

शिवाय आता सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. माझी पुतणी पंचेचाळीस वर्षांची आहे, वीस वर्षं वर्ग सांभाळतेय, आता रात्री अभ्यासाला बसते. परीक्षेला हरकत नाही, पण ज्या वर्षी नेमणूक झाली त्या वर्षी ती अटच नव्हती.

पतपेढीवाली

गुरुजी, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक बोलते, राग मानू नका.

१४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा सात दिवस शाळा बंद होत्या, कलेक्टर कचेरीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मागणी बरोबर होती, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे तो. पण शिक्षणसेवक ६,००० वर होता त्या सगळ्या वर्षांत एवढी माणसं एकदाही रस्त्यावर उतरली नाहीत. निवेदनात मागणी असायची, दहाव्या-अकराव्या नंबरला. का? कारण शिक्षणसेवक तीन वर्षांनी कायम होतो आणि कायम झाला की तो प्रश्न त्याचा राहत नाही. आणि शिक्षणसेवक असताना बोलायची भीती, सेवा समाधानकारक नाही असा शेरा पडला तर? म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला बोलता येत नाही आणि ज्याला बोलता येतं त्याचा अन्याय संपलेला असतो. सरकारला हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच योजना पंचवीस वर्षं टिकली.

खडूवाले गुरुजी

राग कसला. पण संघटनेने काहीच केलं नाही हे मान्य नाही. ३,००० चे ६,००० आणि ६,००० चे १६,००० आपोआप झाले का? आम्ही मुंबईला किती खेपा घातल्यात. अधिवेशनात विषय लावून धरणारे आमदार शिक्षक मतदारसंघातूनच जातात. तुमचं एवढं मात्र खरं की संप केला नाही. करायला हवा होता.

अनुदानाची वाट

इथे अजून एक जात राहिली बघा. मी माध्यमिकला आहे, आमची शाळा कायम विनाअनुदानित म्हणून, म्हणजे सरकार पगाराला पैसे देणार नाही या अटीवर सुरू झाली. २००९ ला तो "कायम" शब्द काढला तेव्हा वाटलं आता मिळेल. २०१६ ला काही शाळांना पगाराचं २० टक्के अनुदान मिळालं. मग ४०, मग ६०, प्रत्येक टप्प्याला आझाद मैदान, पावसात ताडपत्री टाकून बसायचं, जीआर निघतो, त्यात निधीची तरतूद नसते, परत मैदान. शाळेला मंजुरी शासनाची, अभ्यासक्रम शासनाचा, दहावीचा बोर्ड शासनाचा, निकाल शासन जाहीर करतं, आणि माझा पगार टक्क्यांत.

बिनपगारी वर्षांत मी सकाळी पेपर टाकले, संध्याकाळी क्लास घेतले, मे महिन्यात आळेफाट्याला कांदा भरायला गेलो. माझ्याच वर्गातला पोरगा तिथे बापाबरोबर आला होता, त्याने "सर" म्हणून हाक मारली आणि माझी गोणी उचलू लागला. त्या पोराला पुढे दहावीला गणितात चांगले मार्क पडले, अजून भेटतो.

शिक्षणसेवकाला निदान तीन वर्षांचा शेवट दिसतो. आमच्यातले काही टप्प्यांची वाट बघता बघता रिटायर झाले. त्यांना पेन्शन शून्य.

येरवड्याची आई

मी शिक्षक नाही. धुण्याभांड्याची कामं करते, हे माझी पोरगी लिहून देतीये. माझी दोन्ही मुलं महापालिकेच्या शाळेत आहेत.

साहेबांनी वर लिहिलं की सरकारी शाळेत घालायचं धाडस होत नाही. आम्हाला धाडस करायला लागत नाही, दुसरी शाळाच परवडत नाही. आमच्या बाई चांगल्या आहेत. पोरगी सहावीला असताना सुट्टीत पण थांबवून इंग्लिश शिकवलं. पण त्या किती दिवस वर्गात असतात ते विचारा. मतदार यादीचं काम आलं की बाई वस्तीत घरोघरी फिरतात, माझ्याच घरी आल्या होत्या फॉर्म घेऊन, दुपारी दोन वाजता. मी विचारलं आता वर्गात कोण आहे, तर म्हणल्या दोन वर्ग एकत्र केलेत. २०२४ च्या जानेवारीत मराठ्यांचा सर्व्हे होता तेव्हा पण तसंच. पगार द्या नाहीतर देऊ नका मला त्यातलं कळत नाही, पण बाई वर्गात पाहिजेत. आमची पोरं दुसरीकडे ट्यूशनला नाही जाऊ शकत.

बिल क्लार्क निवृत्त

येरवड्याच्या ताईंनी लाखाची गोष्ट सांगितली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं काम सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येणार नाही. आता निवडणुकीचं काम म्हणजे मतदानाच्या दोन दिवसांचं काम असं आपण समजतो, पण बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम दिलेला माणूस, वर्षभर असतो. आणि बाकीची कामं "शाळेशी संबंधित" या नावाखाली येतात. पगार योग्य की अयोग्य हे ठरवताना पगार कशाचा देतोय हे बघायला नको का? सरकार शिक्षकाचा पगार देऊन कारकुनाचं काम करून घेतंय. प्रत्येक केंद्राला एक डेटा ऑपरेटर दिला तर एवढ्या शाळांचे शिक्षक मोकळे होतील, आणि तो खर्च शिक्षकाच्या पगारापुढे फार नाही.

अवांतर: पगार उशिरा होतो असं पाव्हण्यांनी लिहिलंय, त्याचं कारण सांगतो. शाळेतून बिल जातं, तालुक्याला तपासलं जातं, जिल्ह्याला जातं, तरतूद असेल तर ट्रेझरीतून निघतं. शालार्थ आल्यावर बिल बनवायला वेळ लागत नाही, अडतं ते तरतुदीला आणि कुठल्यातरी एका शाळेच्या चुकीमुळे आख्ख्या तालुक्याचं बिल थांबण्याला. कायम माणसाच्या घरात मागची शिल्लक असते, शिक्षणसेवकाच्या नसते, त्यामुळे उशीर दोघांना सारखा पण मार एकालाच बसतो.

हडपसरचा समीर

सगळं वाचलं. घरभाड्याच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, राहत नसाल तर त्या नावाने पैसे घेऊ नका, वेगळ्या नावाने घ्या, प्रवास भत्ता वाढवून घ्या. आणि वर्गात बसून तपासणी हवी हे गुरुजींनी स्वतःच लिहिलंय, ते मला पुरेसं आहे.

पण शिक्षणसेवकाबद्दल एक प्रश्न. आमच्याकडे पण प्रोबेशन असतं, सहा महिने. प्रोबेशनमध्ये नोकरी पक्की नसते, पगार मात्र ऑफर लेटरवरचा पूर्ण असतो. इथे तीन वर्षं परीक्षा बघायची तर बघा ना, पगार का कापता? पूर्ण दिला तर सरकारला असे किती पडतील? पतपेढीवाली ताई, तुमच्याकडे हिशोब असेल.

पतपेढीवाली

समीर, नेमकं हेच म्हणायचंय मला. परिविक्षा तीन वर्षं ठेवा, काम नाही जमलं तर काढा, पण पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणी द्या.

हिशोब ढोबळ मानाने सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून पहिल्या यादीत ११ हजारांवर उमेदवारांची शिफारस झाली. सगळे प्राथमिकचे आणि सगळे खेड्यातले धरू. ११,००० गुणिले ३२,१८० म्हणजे महिन्याला ३५ कोटी ४० लाखाच्या आसपास, वर्षाला सव्वाचारशे कोटी. माध्यमिकचे धरले, शहरातलं घरभाडं धरलं तर थोडा वाढेल. आकडा लहान नाही, मान्य. पण हा पैसा आज वाचतोय असं जे सरकार म्हणतं तो कुठून येतोय? तो नऱ्ह्यातल्या त्या खोलीतून येतोय, लातूरला न गेलेल्या तीन हजारांतून येतोय. राज्याची बचत राज्यातल्या सगळ्यात नवीन शिक्षकाच्या खिशातून करायची हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

आणि याचा वर्गावर परिणाम होतो हो. माझ्याकडे येणारे कितीतरी शिक्षणसेवक शनिवार-रविवार कुठे ना कुठे काम करतात. एक जण रात्री फूड डिलिव्हरी करतो, कात्रजला. सकाळी तोच पोरांना शिकवायला घाटात जातो.

लातूरचा पाव्हणा

समीरदादा, प्रश्न विचारल्याबद्दल आभार. मी डिलिव्हरी केली नाही पण रूमवरचा एक जण करतो.

बिल क्लार्क काका, एक विचारायचं होतं. माझी तीन वर्षं पुढच्या वर्षी होतील. आमच्या आधीच्या एकाला नियमित वेतनश्रेणीचा आदेश सात-आठ महिने उशिरा मिळाला आणि मधला फरक अजून मिळाला नाही. असं होऊ नये म्हणून काय करता येईल?

बिल क्लार्क निवृत्त

पाव्हणे, तीन वर्षं पूर्ण व्हायची वाट बघू नका, दोन-तीन महिने आधीच मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव द्या आणि पोच घ्या, तारखेसकट. सोबत मूळ नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, तिन्ही वर्षांचे गोपनीय अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, राखीव जागेवर असाल तर जात पडताळणी, आणि एमएस-सीआयटी. बहुतेकांचं अडतं ते चारित्र्य पडताळणीला आणि गोपनीय अहवालावर सही राहिलेली असते तिथे. अहवाल दर वर्षी लिहिला गेलाय का ते आत्ताच मोठ्या गुरुजींना विचारा, मागची सही नंतर मिळवायला फार त्रास होतो. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत स्वतःकडे ठेवा आणि त्यात नोंदी करून घ्या. आदेश उशिरा निघाला तरी त्यात दिनांक तीन वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसाचा आहे ना ते बघा, नसेल तर तिथल्या तिथे हरकत लिहून द्या, फरकाचं बिल त्या तारखेवर निघतं.

लातूरचा पाव्हणा

उद्याच विचारतो गुरुजींना. पहिल्या वर्षीचा अहवाल लिहिला होता का तेच आठवत नाहीये, तेव्हा दुसरे मुख्याध्यापक होते आणि त्यांची आता बदली झालीय.

बिल क्लार्क निवृत्त

मग त्यांना आजच फोन करा. बदली झाली तरी त्या काळाचा अहवाल तेच लिहितात.